इलेक्ट्रिक गाडीचा ७.२ किलोवॅटचा होम चार्जर, आठ महिन्यांनंतर: युनिटआधी अर्थिंग बघा

कोथरूडमधल्या सोसायटीचं पार्किंग, मीटर रूमपासून साधारण ३० मीटरवर भिंतीवर लावलेलं सिंगल फेज ३२ अँपिअरचं चार्जर युनिट, टाइप २ गन (गाडीत लावायचा प्लग). उन्हाळा, वळीव आणि अख्खा पावसाळा काढून झाला. दुकानात सगळी चर्चा युनिटच्या मॉडेलवर होते, पण आठ महिन्यांत जो काही त्रास झाला तो वायर, जोड आणि अर्थिंगचा होता.

आधी गरज तपासा. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले, तर रोज विजेचे सहा-सात युनिट लागतात. तेवढे ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर दोन-सव्वादोन तासांत भरतात. ४० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर फरक जाणवतो: ३.३ वर साधारण १३ तास, ७.२ वर सहा. त्यातही गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (बॅटरीत वीज भरणारा गाडीतलाच भाग) ३.३ चाच असेल तर भिंतीवर ७.२ लावून काहीही उपयोग नाही. हे आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघा.

३.३ वरच भागणार असेल तरी घरातल्या मॉड्युलर १६ अँपिअर सॉकेटवर रोज चार्ज करू नका. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी तासन् तास १४-१५ अँपिअर ओढते. आधी प्लगच्या पिना काळ्या पडतात, मग सॉकेटचं प्लास्टिक मऊ होतं. निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावा.

आता अर्थिंग. पुण्यात खाली मुरूम आणि काळा पाषाण. पावसाळ्यात ओलाव्यामुळे अर्थिंग छान दिसतं, एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की रेझिस्टन्स वाढतो आणि युनिट ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून थांबतं. मग लोक चार्जर खराब म्हणून कंपनीला फोन करतात! वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा: न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज चार्जिंग चालू असतानाही २-३ व्होल्टच्या आत हवा. जास्त येत असेल तर चार्जरसाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा (पिट) घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. लाल दिवा घालवायला कोणी न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो.

वायर तांब्याचीच. वीसेक मीटरपर्यंत ६ एमएम (चौरस मिलिमीटर) चालते, पुढे १० एमएम घ्या. ३० मीटरवर ३२ अँपिअरला ६ एमएममध्ये जवळपास ६ व्होल्ट पडतात, १० मध्ये साडेतीन. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ४० अँपिअरचा, कारण ३२ चा एमसीबी सलग ३२ वर बंद डब्यात तापून पडतो. आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए. गाडीतून डीसी गळती झाली तर फक्त एसी गळती ओळखणारा टाइप एसी आंधळा होऊन पडतच नाही. युनिटमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळतीचं संरक्षण आहे का, हे विचारूनच घ्या. नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी आरसीसीबी लागतो आणि तो बराच महाग पडतो.

महिन्याभराने सप्लाय बंद करून एमसीबीचे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. तारेचे पेड दबून जागा करतात, जोड सैल होतो. इथे खालच्या टर्मिनलजवळ इन्सुलेशन बोटभर तपकिरी झालं होतं. तार कापून, टोकाला लग (धातूची टोपी) लावून पुन्हा बसवल्यावर तापणं थांबलं. पावसात दोनदा ट्रिप झालं ते वायर वरून आत घेतल्यामुळे. ग्लँड (वायर डब्यात घेण्याचं घट्ट बूच) खालून घ्या आणि वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकतं.

मंजूर भार कमी असेल तर युनिट १६ किंवा २० अँपिअरवर सेट करता येतं का बघा, नाहीतर गिझर आणि एसीबरोबर मेन पडतो. घरच्या मीटरवर महिन्याला १८०-२०० युनिट वाढले की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत. स्थिर आकार धरून हिशोब करा.

ॲपचा फार मोह नको. बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं, त्यामुळे गन लावली की सुरू होणारं आणि लाइट जाऊन आल्यावर आपोआप पुढे चालू होणारं युनिट निवडा. दुसरी गोष्ट रात्री अडीचला लाइट गेल्यावर कळते, म्हणून विकत घेतानाच मेन पाडून तपासा. केबलची लांबी गाडीचा चार्जिंग पोर्ट बघून ठरवा: टाटा नेक्सॉनचा मागे बाजूला, एमजी झेडएसचा नाकावर. ५ मीटर कमी पडत असेल तर ७ ची घ्या. एक्स्टेन्शन मात्र अजिबात लावू नका.