मित्रांसोबत वेगळं बुद्धिबळ: क्रेझीहाऊस घ्यावं की ९६०?

आमच्या बेळगावच्या शहापुरात रविवारी संध्याकाळी आम्ही चारपाच जण बसतो. दोघं रेटिंगच्या स्पर्धा खेळणारे, एकजण निपाणीहून येतो त्याला ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) वगैरे काही पाठ नाही, आणि एकाची उद्यमबागेत फौंड्रीत शिफ्ट असते म्हणून तो कधी आहे कधी नाही. साधं बुद्धिबळ खेळलं की दहाबारा चालीतच कोण जिंकणार ते कळायचं आणि निपाणीवाला गप्प व्हायचा, ते बघवत नव्हतं म्हणून आम्ही वेगळ्या नियमांकडं वळलो. हल्ली ओळखीतले दोनतीन जण विचारायलेत की आम्हीपण चालू करतोय, क्रेझीहाऊस (मारलेला मोहरा आपला होतो ते) करू की ९६० (मागच्या ओळीतले मोहरे दर डावाला वेगळे मांडतात ते), तर दोन्ही भरपूर खेळून झालंय म्हणून लिहितो.

मजेच्या बाबतीत पहिल्या दिवशी क्रेझीहाऊसच जिंकतं, हे मान्य करायला पाहिजे. मारलेला मोहरा आपला होतो आणि आपल्या पाळीला चाल करायच्या ऐवजी तो रिकाम्या घरात ठेवता येतो (प्यादं तेवढं पहिल्या आणि आठव्या ओळीत चालत नाही), त्यामुळं पट कधी रिकामा होतच नाही, बरोबरी जवळजवळ होत नाही, आणि हरत आलेला माणूससुद्धा दोन घोडे हातात धरून बसलेला असला की समोरच्याला घाम फुटतो. निपाणीवाल्यानं पहिल्याच रविवारी आमच्यातल्या सगळ्यात तगड्या खेळाडूला मात दिली. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो.

पण लाकडी पटावर खेळायचं म्हटलं की एक गोष्ट आडवी येते आणि माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. मारलेला काळा घोडा तुमचा झाला, म्हणजे तो पांढरा पाहिजे. मग पांढरा घोडा आणायचा कुठनं? दुसरा संच लागतो. आमच्याकडं दुसरा संच होता तो प्रवासातला छोटा, त्यातला हत्ती मोठ्या संचातल्या प्याद्याएवढा, म्हणजे ऐन घाईत बघणाऱ्याला प्यादंच वाटायचं. त्यात आमच्यातला एकजण कन्नड, तो घोड्याला कुदुरे आणि हत्तीला आने म्हणतो, ते आम्हाला पाठ आहे, पण "ते कुदुरे माझं की तुझं" यावर दर दुसरा डाव थांबायचा. वजीर झालेलं प्यादं मारलं तर हातात परत प्यादंच येतं, वजीर नाही, आता तो वजीर मूळचा होता की प्याद्याचा हे वीस चालींनंतर कुणाच्या लक्षात राहणार? मग आम्ही कॅरमच्या दोन संचांच्या सोंगट्या घेतल्या, ३८ होतात, लागतात ३२, एका बाजूला काळ्या शाईनं आणि दुसऱ्या बाजूला लाल शाईनं रा, व, उं असं लिहिलेले कागद चिकटवले, मारलं की उलटी करून ठेवायची. कल्पना चांगलीच होती, आजही चांगली वाटते. पण समोरून वाचताना अक्षरं उलटी दिसतात, आणि बेळगावचा जुलै म्हणजे भिंतीला ओल येते तिथं कागद किती दिवस टिकणार, तिसऱ्या रविवारी निम्म्या सोंगट्या सोलल्या. लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर हे सगळं आपोआप होतं, फुकट आहे, तक्रार काही नाही, पण एका खोलीत बसून चौघांनी फोनात बघायचं असेल तर एकत्र यायचं कशाला, असं मला वाटतं. तुमचे मित्र पुण्या-बेंगळुरूला असतील तर माझं हे सोडून द्या आणि सरळ क्रेझीहाऊस घ्या.

९६० ला फक्त पट आणि एक फासा लागतो. माजी जगज्जेता बॉबी फिशरनं १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला जाहीर केलेला हा प्रकार, मागच्या ओळीतले मोहरे दर डावाला वेगळ्या जागी, दोन्ही बाजूंना सारखेच. फासा टाकून मांडायची पद्धत मला फार आवडते: पांढऱ्या घरातला उंट ४ पैकी एका घरात, काळ्या घरातला ४ पैकी, वजीर उरलेल्या ६ पैकी, दोन घोडे उरलेल्या ५ घरांत १० प्रकारे, आणि राहिलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती. ४ × ४ × ६ × १० केलं की ९६०. स्पर्धावाल्यांचं पाठांतर इथं कामाला येत नाही, निपाणीवाला पहिल्या चालीपासून बरोबरीत असतो. तरी खरं सांगायचं तर शेवटी जास्त वेळा तगडाच जिंकतो, फक्त त्याला घाम गाळावा लागतो.

त्रास याचाही आहे, किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायची ती चाल). राजा कुठंही असू दे, किल्लेकोट झाल्यावर तो नेहमीच्या सी किंवा जी घरातच जाणार आणि हत्ती डी किंवा एफ मध्ये (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्यांना ए ते एच म्हणतात). राजा एफ वर आणि हत्ती जी वर असेल तर दोघं नुसती जागा बदलतात, राजा आधीच जी वर असेल तर एकटा हत्ती हलतो. दर रविवारी हे नव्यानं समजवायला लागायचं.

पण हा त्रास नियमाचा आहे, लाकडाचा नाही, म्हणून तो आपल्याला मिटवता आला. माझे आजोबा अथणीकडचे, ते जुन्या देशी पद्धतीनं खेळायचे, त्यात किल्लेकोट नव्हताच, राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. पंजाबातला खेळाडू मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढला आणि पुढं तीनदा ब्रिटनचा विजेता झाला, म्हणजे पद्धत काही कच्ची नाही. आम्ही ९६० मधला किल्लेकोट काढला आणि आजोबांची उडी घातली. दोन गोष्टी आधीच कागदावर लिहून घेतल्या: उडीत मारायचं नाही, आणि शह मोहरा आड घालून अडवला तरी उडी गेली. त्यामुळं लवकर शह देऊन समोरच्याची उडी मोडायची एक वेगळीच लढाई सुरू झाली, जी साध्या ९६० मध्ये नाही.

मग आमच्यातला एकजण म्हणाला, किल्लेकोटच नाही तर राजा दोन हत्तींच्या मधेच कशाला, कुठंही ठेवू, मांडण्या तिप्पट होतील, २८८०. हिशोब बरोबर होता. पण राजा कोपऱ्यात आला की त्याला उडीला दोनच घरं मिळतात, तेच हत्तींच्या मधे असला तर तो कोपऱ्यात येऊच शकत नाही, कमीत कमी तीन घरं असतात, मधल्या घरांत चार. फिशरनं तो नियम किल्लेकोटासाठी घातला होता, आमच्याकडं तो उडीला उपयोगी पडला, म्हणून तसाच ठेवला. एक तोटा सांगून ठेवतो, हत्ती उशिरा बाहेर येतात आणि डाव लांबतो, नऊला जेवायला घरी जायचं असेल तर घड्याळ लावा.

क्रेझीहाऊसमध्येपण नियम बदलता येतात, हातात तीनच मोहरे ठेवायचे, शह देत मोहरा ठेवायचा नाही वगैरे, आम्ही करून बघितलं, चांगले डाव झाले. सारख्या आकाराचे दोन संच तुमच्याकडं असतील तर कदाचित तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं होईल. मी मात्र आता रविवारी फासाच काढतो. एका वेळी एकच नियम बदला आणि निदान चारपाच डाव तरी तसेच खेळा, आम्ही सुरुवातीला तीन बदलले आणि डाव कशामुळं बिघडला तेच कळेना.

आजोबांचा अजून एक नियम राहिलाय, प्यादं ज्या उभ्या पट्टीत शेवटाला पोचेल तिथला मूळ मोहरा व्हायचं. ९६० मध्ये त्या जागा दर डावाला बदलणार, म्हणजे फासा पडला की कुठलं प्यादं पुढं न्यायचं हे पहिल्या चालीपासूनच ठरवायला लागणार. राजाच्या पट्टीत पोचलं तर काय करायचं यावर अजून एकमत नाही. येत्या रविवारी फौंड्रीवाल्याला सुट्टी आहे, तेव्हा खेळूनच ठरवू.