करवंदाची वई: लावणीनंतर 20 महिने

जांभ्याच्या कातळाकडेला, गडग्याला (रचलेल्या दगडी बांधाला) लागून 100 फूट करवंदाची वई, म्हणजे जिवंत कुंपण, लावली. रोपं वर्षाची, जूनमधली लावणी. दोन ओळी, रोपांत दोन फूट अंतर, दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या फटीसमोर. म्हणजे 100 रोपं. खड्डा फूटभर, तळाला शेणखत.

रोपं घरी करायची तर बी ताजंच हवं. पिकलेली करवंद कुस्करून, राखेत चोळून, धुऊन आठवड्याच्या आत पिशवीत टाका. वाळवून ठेवलेलं बी फारसं रुजत नाही.

आता वई कमरेला लागते. गुरं आत शिरत नाहीत. शेळ्या काट्यांना आणि चिकाला बिचकतात, पण कोवळे शेंडे खुडतातच, तेव्हा पहिलं वर्ष राखण हवी. कुत्री-कोंबड्यांसाठी मात्र ही वई कुचकामी, तीही आपल्याच चुकीने: अर्ध्या ओळीचे शेंडे फूटभर उंचीवर खुडलेच नाहीत. ती झाडं सरळ वर गेली, बुडाशी उघडी राहिली. खुडलेल्या भागात जमिनीपासून फांद्या आहेत, हात घालवत नाही. पाणी साचलं त्या कोपऱ्यातली सात रोपं कुजून गेली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला रोपामागे अर्धी बादली पाणी पुरलं.

छाटणी फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, दिवाळीनंतर कापलं की फळ गेलं. छाटलेल्या फांद्या आंब्याच्या रोपाभोवती रचायची जुनी रीत अजून खरी आहे, शेळी तोंड लावत नाही. वाटेवर मात्र एकही पडू देऊ नका. काटा पेराशी जोडीने असतो, वाळल्यावरही चपलेच्या तळातून वर येतो.

फळाला अजून वर्ष आहे. कोंबडा की कोंबडी (आतून लाल की पांढरं) ते तेव्हा पाहू. लोणच्याची करवंद सध्या रानातलीच. 1 किलोला 200 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 75 ग्रॅम तिखट, पाव लिटर तेल कडकडीत तापवून गार केलेलं. करवंद हिरवी, टणक घ्यावीत. लाली आलेली महिन्याभरात गळगळीत होतात. देठ खुडून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक सुटतो. मग फडक्यावर पूर्ण कोरडी. ओल राहिली तर बुरशी ठरलेली. हाताला चीक चिकटला तर आधी तेल चोळा, साबण नंतर.