एनबीडी-क्लायंट काही महिने वापरल्यावर: खरी परीक्षा लिंक तुटल्यावर

डिस्क एका मशीनमध्ये आणि काम दुसऱ्या मशीनवर, अशी वेळ आली की सगळे आधी एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत) सुचवतात. मला शेअर केलेला फोल्डर नको होता, अख्खं ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे कच्ची डिस्कच, हवं होतं: त्यावर एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडायची सोय) करायचं, एन्क्रिप्शन आपल्याच बाजूला ठेवायचं आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क त्यातून काढायच्या. त्यासाठी आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायचा एक प्रोटोकॉल) आहेच. पण इनिशिएटरचं नाव, टार्गेट, पोर्टल, लन, चॅप हा सगळा पसारा एका सर्व्हर आणि एका क्लायंटसाठी मांडायची इच्छा होईना, म्हणून एनबीडी (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, दुसऱ्या मशीनची डिस्क नेटवर्कवरून जोडायची लिनक्समधली सोय) घेतलं. आता ते रोजच्या कामात आहे आणि बदलायचा विचार नाही. एक गोष्ट मात्र नव्याने वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. इथे डिस्क जोडायला काहीच वेळ लागत नाही. सगळा विचार करावा लागतो तो लिंक तुटल्यावर काय व्हावं याचा, आणि तो डीफॉल्टवर सोडून भागत नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात. कर्नलचं एनबीडी मॉड्यूल लोड केलं की डिव्हाइसची नावं लगेच दिसायला लागतात, साधारणपणे एनबीडी० पासून एनबीडी१५ पर्यंत. नाव दिसतंय म्हणजे डिस्क जोडली गेली असं नाही. तोवर सगळ्यांचा आकार शून्य असतो. मग एनबीडी-क्लायंटला सर्व्हरचा पत्ता, एक्स्पोर्टचं (सर्व्हरने जोडायला खुल्या केलेल्या डिस्कचं) नाव आणि डिव्हाइस सांगायचं, झालं. पोर्ट १०८०९. जुन्या लेखांत प्रत्येक एक्स्पोर्टला वेगळा पोर्ट दिलेला आढळेल; ती पद्धत मागे पडली, आता एकाच पोर्टवर नावानं निवड होते. एक्स्पोर्टची यादी मागितली आणि नकार आला, तर सर्व्हर बंद आहे असं समजू नका. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये यादी दाखवायची परवानगी वेगळी द्यावी लागते. नाव माहीत असेल तर यादीशिवायही जोडता येतं.

कायमच्या जोडणीसाठी ईटीसीमध्ये एनबीडीटॅब नावाची फाइल असते. एका ओळीत एक डिस्क: आधी डिव्हाइस, मग सर्व्हर, मग एक्स्पोर्टचं नाव आणि शेवटी स्वल्पविरामांनी जोडलेले पर्याय. त्यातला ‘बीएस’, म्हणजे ब्लॉक साइज, पहिल्याच दिवशी ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका. कर्नल तोच आकडा डिस्कचा लॉजिकल सेक्टर म्हणून धरतं. जीपीटी पार्टिशन टेबलाचा हेडर असतो सेक्टर क्रमांक १ वर. बीएस ५१२ असताना ही जागा ५१२ व्या बाइटला येते आणि ४०९६ असताना ४०९६ व्या. आकडा बदलून पुन्हा जोडलं की पार्टिशन गायब झाल्यासारखं दिसतं. डेटा जागेवरच असतो, कर्नल चुकीच्या ठिकाणी बघत असतं.

आता लिंक तुटण्याबद्दल. टाइमआउट दिला नाही, तर अडकलेल्या रिक्वेस्टची कर्नल वाट बघत राहतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘पॉसिबल स्टक रिक्वेस्ट’ अशा ओळी दर थोड्या वेळाने येत राहतात, डिस्कला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या अवस्थेत) जाते आणि किल -९ लाही दाद देत नाही. टाइमआउट दिला, तर रिक्वेस्ट एररसह परत येते. मग ईएक्सटी४ या फाइल सिस्टमचं जर्नल (बदलांची नोंदवही) अबॉर्ट होतं आणि फाइल सिस्टम रीड-ओन्ली होते. दोन्हींत त्रास आहे, पण माझ्या मते लिहिण्यासाठी वापरायच्या डिस्कला टाइमआउट द्यायलाच हवा, आणि स्विच रीस्टार्ट व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा तो मोठा ठेवायला हवा. अख्खं मशीन गोठण्यापेक्षा स्पष्ट एरर केव्हाही परवडते.

‘पर्सिस्ट’ या पर्यायाबद्दल बऱ्याच जणांचा समज अर्धवट असतो. लिंक तुटली की क्लायंट पुन्हा जोडायचा प्रयत्न करतो हे खरं. पण तुटायच्या क्षणी वाटेत असलेल्या रिक्वेस्ट तोवर एरर होऊन परतलेल्या असू शकतात. डिव्हाइस पुन्हा जिवंत दिसतं आणि त्यावरची फाइल सिस्टम मात्र रीड-ओन्लीच राहते. ती अनमाउंट करून, तपासून, पुन्हा माउंट करावी लागते. शिवाय नेटलिंक पद्धतीने (कर्नलला सूचना द्यायचा एक मार्ग) जोडणी झाली असेल, तर क्लायंट सॉकेट कर्नलच्या हवाली करून बाहेर पडतो. मग पुन्हा जोडणार कोण? पर्सिस्ट हवं असेल तर ‘नोनेटलिंक’ वापरा आणि जोडणीनंतर पीएसमध्ये एनबीडी-क्लायंटची प्रोसेस टिकून आहे ना, हे बघून घ्या.

फार कमी लोक बघतात अशी आणखी एक जागा आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सर्व्हरने फ्लश (मेमरीतला डेटा खरोखर डिस्कवर लिहा, हा आदेश) पाठवायला सांगितलं नसेल, तर क्लायंटचं कर्नल फ्लश पाठवतच नाही. तुमचा डेटाबेस एफसिंक करतो (डेटा डिस्कवर पोचवायला सांगतो), त्याला यशाचं उत्तर मिळतं आणि डेटा अजून सर्व्हरच्या मेमरीतच असू शकतो. एनबीडी-सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये त्या एक्स्पोर्टसाठी फ्लश चालू करावं लागतं. क्लायंटवरून खात्री करायची तर सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /sys मध्ये) त्या डिव्हाइसच्या क्यू फोल्डरमधली ‘राइट कॅश’ ही फाइल वाचा. ‘राइट बॅक’ दिसलं तर फ्लश जातोय. ‘राइट थ्रू’ दिसलं तर जात नाही. नाव ऐकून उलटंच वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. वेग वाढवायला एकापेक्षा जास्त कनेक्शन उघडायचा पर्याय आहे, तोही सर्व्हरने मल्टी-कनेक्शनला मान्यता दिली असेल तरच वापरावा. नाहीतर एका कनेक्शनवरचा फ्लश दुसऱ्यावरच्या लिखाणाला लागू होईल याची हमी नसते.

बूटच्या वेळी एनबीडीटॅब एकटा पुरत नाही. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये) ‘_नेटडेव्ह’ (डिस्क नेटवर्कवर आहे, ही खूण) हवंच, सोबत ‘एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स’ लिहून माउंट त्या डिव्हाइसच्या एनबीडी सर्व्हिसला बांधा आणि ‘नोफेल’ द्या, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी मशीन बूट होईल. एनबीडी० ऐवजी यूयूआयडी (फाइल सिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिणं चांगलं. हे सगळं मशीन बंद होतानाही उपयोगी पडतं: आधी अनमाउंट, मग डिस्कनेक्ट, मग नेटवर्क, हा क्रम चुकला की शटडाउन अडकतं. रूट फाइल सिस्टमच एनबीडीवर असेल तर ‘सिस्टमडी-मार्क’ लागतो. त्याने एनबीडी-क्लायंटच्या प्रोसेसच्या नावाचं पहिलं अक्षर ‘@’ होतं आणि शटडाउनच्या वेळी सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) तिला मारत नाही.

टीएलएस (नेटवर्कवरून जाणारा डेटा एन्क्रिप्ट करायची सोय) आहे आणि चालतं. पण एन्क्रिप्शन कर्नलमध्ये होत नाही, मधे एक युजरस्पेस प्रोसेस राहते आणि ती मेली की डिस्क गेली. स्वॅप किंवा रूटसाठी टीएलएस मी वापरणार नाही. टीएलएस नसेल तर सगळा डेटा उघडा जातो, म्हणून निदान वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर अलग केलेलं नेटवर्क) तरी ठेवा.

एकच एक्स्पोर्ट दोन क्लायंटवर ईएक्सटी४ म्हणून लिहिण्यासाठी माउंट केला तर फाइल सिस्टम खराब होणारच. एनबीडी तुम्हाला अडवणार नाही. त्यासाठी जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टम लागते.

दोन वेगळ्या नेटवर्क मार्गांनी तीच डिस्क हवी असेल, एक मार्ग पडला तरी काम चालू राहायला हवं असेल, तर सरळ आयस्कझी आणि मल्टिपाथकडे जा. तिथेही डीफॉल्ट तपासा: ओपन-आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेली जोडणी परत यायची वाट बघण्याची वेळ) १२० सेकंदांचा असतो, आणि मल्टिपाथसोबत तो बराच कमी केल्याशिवाय दुसरा मार्ग वेळेवर हाती येत नाही.