फ्लॅट फ्रीहोल्डरलाच विकला: सगळं पार पडल्यानंतरचा अनुभव

लंडनमधल्या हॅरोतला आमचा एक बेडरूमचा फ्लॅट आम्ही फ्रीहोल्डरलाच, म्हणजे इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकालाच विकला. पहिल्या पत्रापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत बरेच महिने गेले. आता सगळं मिटलंय, तेव्हा या मार्गाबद्दल नीट सांगता येईल. मार्ग चांगला आहे. पण फ्रीहोल्डरला चारचौघांसारखं गिऱ्हाईक समजून भाव ठरवलात तर हजारो पौंडांवर पाणी सोडाल. आपला फ्लॅट घेऊन त्याला जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला मिळत नाही, आणि भावाची बोलणी तिथूनच सुरू व्हायला हवीत.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट लीजहोल्डवर असतात. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीचा ६० वर्षांचा भाडेपट्टा आपल्याला माहीत असतो. इथे पट्टा थेट फ्लॅटचाच असतो. मुदत संपली की फ्लॅट फ्रीहोल्डरचा. आमचं लीज १९९४ पासून ९९ वर्षांचं होतं, त्यामुळे २०२५ मध्ये ६८ वर्षं उरली होती. हा आकडा ८० च्या खाली गेला की मुदत वाढवून घेणं महाग पडतं आणि बऱ्याच बँका कर्जाला हात आखडता घेतात. साहजिकच गिऱ्हाईक कमी, भावही कमी.

अशात फ्रीहोल्डरचं पत्र आलं: २ लाख ४५ हजार पौंड, रोख, एजंट नको, लगेच व्यवहार. वाचायला फार गोड वाटतं. आम्ही आधी एक सर्व्हेअर गाठला. फ्रीहोल्डरने सुचवलेला नव्हे, आपला आपण शोधलेला, रिक्स या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य आणि लीजच्या मूल्यांकनाचंच काम करणारा. त्याची फी हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च.

त्याने कागदावर जे मांडलं ते इथे देते, कारण मर्म त्यातच आहे. लांब मुदतीचं लीज असतं तर फ्लॅट ३ लाखांचा. ६८ वर्षांच्या लीजसह बाजारात साधारण २ लाख ५८ हजार. फ्रीहोल्डरच्या हातात आज काय आहे? थोडं ग्राउंड रेंट, म्हणजे आम्ही दरवर्षी देतो ते जमीनभाडं, आणि ६८ वर्षांनी फ्लॅट परत मिळण्याचा हक्क. फ्लॅटसाठी हा हक्क सहसा वर्षाला ५ टक्के वटाव धरून मोजतात (स्पोर्टेली खटल्यापासून हा दर रूढ आहे). त्या हिशेबाने ६८ वर्षांनंतरचे ३ लाख आज जेमतेम ११ हजार भरतात. वर्षाला १०० पौंड ग्राउंड रेंटचे धरून एकूण १२ हजारांच्या आसपास. आता बेरीज करा: आमचे २ लाख ५८ हजार आणि त्याचे १२ हजार, म्हणजे २ लाख ७० हजार. पण दोन्ही हक्क एका हातात आले की तोच फ्लॅट ३ लाखांचा, कारण तो हवं तेवढ्या वर्षांचं नवं लीज करून विकू शकतो. मधले ३० हजार ही मॅरेज व्हॅल्यू. आम्ही लीज वाढवायला गेलो असतो तर १९९३ च्या कायद्याने तिचा अर्धा वाटा त्याला द्यावा लागला असता. मग तो आमच्याकडून विकत घेतोय तेव्हा अर्धा वाटा आमचा का नसावा? असा धरला तर रास्त भाव २ लाख ७३ हजारांच्या घरात येतो. त्याच्या पत्रातला आकडा बाजारभावापेक्षाही खाली होता.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: आपण फ्रीहोल्डरला विकताना वाटा निम्मा-निम्माच व्हावा असा कुठलाही कायदा नाही. ती निव्वळ घासाघीस. २०२४ च्या सुधारणा कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करायची तरतूद आहे, पण आमच्या व्यवहारापर्यंत तो भाग अमलात आला नव्हता. तरी सर्व्हेअरने बोलण्यात त्याचा उपयोग करून घेतला.

अजून एक गैरसमज वारंवार ऐकला. "फ्रीहोल्डरला आधी विचारावंच लागतं ना?" नाही. १९८७ च्या कायद्यातला पहिल्या नकाराचा हक्क उलट्या दिशेचा आहे: फ्रीहोल्डर इमारत विकायला काढतो तेव्हा त्याला ती आधी भाडेपट्टेदारांना देऊ करावी लागते. आपल्या लीजमध्येच तसं कलम असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून लीज सॉलिसिटरकडून, म्हणजे वकिलाकडून, पूर्ण वाचून घ्या.

आता जे खटकलं ते. आम्ही फ्लॅट बाजारातही लावला होता. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या सॉलिसिटरला सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभाल खर्चाचे) हिशेब, विमा, पुढच्या दुरुस्त्या ही सगळी माहिती लागते. एलपीई१ नावाचा फॉर्म असतो, तो इमारतीची व्यवस्था पाहणारा मॅनेजिंग एजंट पैसे घेऊन भरून देतो. आमचा मॅनेजिंग एजंट फ्रीहोल्डरनेच नेमलेला. कागद आठवडेच्या आठवडे आले नाहीत, आणि एक चांगलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला स्वतःला घर घ्यायचंय त्याच्याच माणसाकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे कागद अडकलेले असतात, ही व्यवस्थाच विक्रेत्यावर अन्याय करणारी आहे. हे मनापासून लागलं.

यावर उपाय सॉलिसिटरने सुचवला: १९९३ च्याच कायद्यातल्या कलम ४२ ची नोटीस, म्हणजे लीज वाढवून मागण्याचा कायदेशीर दावा. फ्रीहोल्डरला नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत, म्हणजे किमान दोन महिन्यांत, उत्तर द्यावंच लागतं. मुदत चुकवली तर आपण कोर्टात जाऊन आपल्याच अटींवर लीज मागू शकतो. शिवाय हा दावा फ्लॅटसोबत नव्या मालकाच्या नावे करता येतो, त्यामुळे बाहेरचं गिऱ्हाईकही टिकतं. खर्च आहेच: फ्रीहोल्डरचा वाजवी कायदेशीर आणि मूल्यांकनाचा खर्चही आपल्या माथी येतो, आणि नोटीस मागे घेतली तर बारा महिने दुसरी देता येत नाही. पण नोटीस गेली आणि बोलण्याचा सूरच बदलला. शेवटी २ लाख ७५ हजारांवर जमलं. वर मजला चढवायची परवानगी त्याला मिळाली तर फायद्यात आम्हाला हिस्सा हवा, अशीही मागणी केली होती. ती त्याने मान्य केली नाही.

तोंडी होकाराला इथे एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत, काडीची किंमत नसते. ऐनवेळी भाव पाडणं सर्रास चालतं. म्हणून आम्ही एक्स्चेंजची तारीख लेखी मागितली आणि तोवर फ्लॅट बाजारातून काढला नाही.

पुढचं कागदोपत्री काम मात्र खरंच सोपं. घेणाऱ्याला इमारतीची खडान् खडा माहिती, बँकेच्या मंजुरीची वाट नाही, आधी स्वतःचं घर विकून मग हे घेणाऱ्यांची साखळीही नाही. दोनच ठिकाणी आमच्या सॉलिसिटरने हट्ट धरला. एक, लीजमधल्या मागच्या-पुढच्या सगळ्या जबाबदाऱ्यांतून आम्हाला लेखी मुक्तता. आधीच्या मालकाने पाडलेली स्वयंपाकघराची भिंत उद्या कुणी उकरून काढू नये यासाठी ते गरजेचं होतं. दोन, सर्व्हिस चार्जचा हिशेब त्याच दिवशी बंद, एक पेनीही मागे राखून ठेवायची नाही. आमचं उरलेलं कर्ज त्याच रकमेतून फिटलं.

एजंटशी करार केला असेल तर त्यातले शब्द बारकाईने वाचा. "सोल सेलिंग राइट्स" लिहिलं असेल तर गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आणलं तरी कमिशन द्यावं लागतं. आमच्या करारात फ्रीहोल्डरचं नाव आधीच वगळून घेतलं होतं, तेवढे पैसे वाचले. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल आणि नफ्यावर कर बसत असेल तर कम्प्लीशननंतर, म्हणजे व्यवहार पूर्ण झाल्यावर, ६० दिवसांत कळवून तो भरावा लागतो. आम्ही तिथेच राहत असल्याने तो प्रश्न आला नाही.

लीज ८० च्या खाली असेल आणि फ्रीहोल्डर स्वतःहून विचारत असेल तर मी हा मार्ग जरूर सुचवेन, आपला सर्व्हेअर सोबत घेऊन. लीज शंभराच्या पुढे असेल तर वाटून घ्यायला फारसं काही उरत नाही. तिथे वाचते ती एजंटची फी आणि थोडा वेळ, म्हणून बाजारभावाखाली एक पौंडही उतरू नका.