7.1 वाचूनच हात आखडायला हवा होता

6,850 रुपये हेडफोनचे, 240 कुरियरचे आणि वर 1,450 'बदलून देण्याच्या डिपॉझिट'चे. एकूण 8,540. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरात मी 7,090 च सांगितलेत आणि बायको हे वाचणार आहे.

फसवण्याची पद्धत सगळ्यांना पाठ आहे. 'पुण्यातला स्टुडिओ बंद करतोय, माल काढायचाय' अशी जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर, सर', निम्मे पैसे आधी, निम्मे दारात. यात नवीन काही नाही. लाज याची वाटते की मी या विषयात अडाणी नाही. सांगलीत विश्रामबागेत घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. मिरजेचे तंबोरे, हार्मोनियम, भजनी मंडळं. लोक हेडफोन घेण्याआधी मला विचारतात.

हवा होता ऑडिओ-टेक्निकाचा एम 50 एक्स. मागून बंद कपाचा, 38 ओहमचा, म्हणजे लॅपटॉपवर, मोबाइलवर, इंटरफेसवर (लॅपटॉपला माइक जोडायच्या डबीवर) कुठेही चालणारा. रेकॉर्डिंगला बंद कपच लागतो. उघड्या पाठीचा घातला की त्यातला क्लिक ट्रॅक, म्हणजे तालाची टिकटिक, बाहेर झिरपतो आणि कंडेन्सर माइक तो इमानेइतबारे टिपतो. मिक्सिंगला उघडा बरा, गाणी ऐकायलाही बरा. गेमिंगमध्ये पावलं कुठून आली हे उघड्यात जास्त नीट कळतं, पण शेजारी बसलेल्यालाही ती ऐकू येतात. तीन कामांना एकच नग शोधायचा म्हणजे कुठेतरी तडजोड आलीच. मुलगा मागे लागला होता, 'पप्पा, एकच घ्या, मी रात्री गेमला वापरतो.' त्या 'एकच घ्या'नंच घात केला.

कारण जाहिरातीत लिहिलं होतं: 'स्टुडिओ मॉनिटर, 7.1 सराउंड, नॉइज कॅन्सलिंग.'

ही ओळ मी वाचली. दोनदा वाचली. 7.1 म्हणजे आठ स्पीकरांचा चहूबाजूंनी येणारा आवाज. तारेच्या साध्या स्टुडिओ हेडफोनात तो नसतो, असूच शकत नाही. दोन कानांना दोन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, संपलं. गेममधलं सराउंड हे सॉफ्टवेअरचं काम आहे, ते कुठल्याही दोन कानांच्या हेडफोनवर चालतं. नॉइज कॅन्सलिंगला माइक लागतो, चिप लागते, बॅटरी लागते. 3.5 मिलिमीटरच्या नुसत्या पिनवर चालणाऱ्या हेडफोनात ते कुठून येणार? हे मीच लोकांना सांगतो. पण रात्रीचे पावणेबारा, किंमत नव्याच्या जवळजवळ निम्मी, आणि मनात म्हटलं, विकणाऱ्याला इंग्रजी कळत नसेल, दुसरीकडून मजकूर उचलला असेल. चोराची वकिली चोरानं करायच्या आधी मीच केली.

अगदीच डोळे झाकून घेतला असंही नाही. ओपन बॉक्स, म्हणजे खोकं आधीच उघडलेला, माल स्वस्त मिळतोच, मी आधीही घेतलाय. व्हिडिओ कॉल करायला लावला. त्यानं जो नग दाखवला तो खरा होता, शपथेवर सांगतो. 3,425 पाठवले. पार्सल आलं, 3,665 रोख दिले. उघडून बघू म्हटलं तर कुरियरचा पोरगा म्हणाला, 'काका, आधी पैसे, मग उघडा. आम्हाला तसंच सांगितलंय.' तो त्याची नोकरी करत होता.

खोक्यात एकच केबल. खऱ्याबरोबर तीन येतात: 1.2 मीटरची सरळ, 3 मीटरची सरळ आणि गुंडाळीची. केबल कपात घालून फिरवली की खऱ्यात अडकते, ओढली तरी सुटत नाही. ही नुसती आत गेली आणि मान हलवली की बाहेर आली. 6.3 मिलिमीटरचं अ‍ॅडॉप्टर खऱ्यावर आटे फिरवून बसतं, हे खुपसायचं होतं. तेव्हाच पार्सल बाजूला ठेवून फोन लावायला हवा होता. मी काय केलं? 'ओपन बॉक्स आहे, केबल बदलली असेल' म्हणत कानाला लावलं. बेस दणदणीत. खूश झालो. बेस दणदणीत आहे म्हणून स्टुडिओ हेडफोनवर खूश होणं म्हणजे मीठ जास्त पडलंय म्हणून आमटीवर खूश होणं.

आठवडाभर त्याच्यावर काम केलं, आणि खरं नुकसान तिथं झालं. तंबोऱ्याची सगळी जान जवारीत, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारात. घोडीवरचा दोरा केसभर सरकला तरी वरचे स्वर उमलतात नाहीतर मिटतात, आणि त्यांचा बराचसा खेळ 2 ते 6 किलोहर्ट्झमध्ये चालतो. या डबड्यात नेमका तोच भाग खोल गेलेला. मला तंबोरा मिटलेला वाटला, म्हणून 4 किलोहर्ट्झला 4 डेसिबल चढवले. वाजवणाऱ्या काकांनी गाडीत ऐकून फोन केला, 'तंबोरा लावलायस की पत्रा?' दोन ट्रॅक फुकट पुन्हा करून दिले. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, नकली माल ओळखता यावा म्हणून, त्याचा आवाज मी नकली हेडफोनवर घासत बसलो होतो.

मग स्वयंपाकघरातला काटा काढला. खरा नग केबलशिवाय 285 ग्रॅम. हा 218. मल्टीमीटरवर डावा 29 ओहम, उजवा 33. खऱ्याचं रीडिंग 38 पेक्षा थोडं खाली येईल, पण दोन्ही बाजू सारख्या येतात. इथं त्याच दोन वेगळ्या. पॅड ओढून काढला, स्क्रू सोडले, व्हर्नियर लावला: ड्रायव्हर 40 मिलिमीटर. खऱ्याचा 45. आत गरम गोंदाचे गोळे. वजन जुळवायला लोखंडाची पट्टी टाकायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते.

खोक्यातल्या चुका मी त्याला मुद्देसूद लिहून पाठवल्या, फोटोंसह. केबल तीन हव्यात, अ‍ॅडॉप्टर आट्याचं हवं, स्टुडिओ हेडफोनवर 7.1 लिहीत नाहीत. तो म्हणाला, 'सॉरी सर, गोडाऊनची चूक, बदलून देतो. फक्त 1,450 डिपॉझिट, ऑटो रिफंड.' भरले. का भरले ते विचारू नका. सात हजार वाचवायला दीड हजार टाकतो माणूस. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता सरकारी दरबार. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला तेव्हा पैसे जाऊन आठवडा उलटला होता. तिथं जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून संशय आल्याबरोबर आधी 1930, मग बाकी सगळं. बँकेत गेलो. 'पिन तुम्हीच टाकलाय ना?' टाकलाय. 'मग व्यवहार बरोबर आहे.' सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोचक्रमांक आला, तो अजून 'प्रक्रियेत' आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, 'वस्तू मिळाली की नाही?' मिळाली, पण नकली. 'मग मिळाली की!' दुसरा प्रश्न, 'हेडफोनला सात हजार घालतं का कोण?' मागं बसलेले दोघं हसले. मी उघडलेला कप, काटा, मीटरचे फोटो दाखवत होतो आणि ते माझ्याकडे खुळ्यासारखे बघत होते. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर 'तुम्ही वकील का?' विक्रेता पुण्याचा म्हणून पुण्याला जा म्हणाले. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, शून्य एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हे मला घरी आल्यावर आठवलं. तिथं आठवलं असतं तर... जाऊ दे. तीन खेटे झाले, पेट्रोल वेगळं. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, बाई सभ्य होत्या, पण त्यांनाही विक्रेत्याचा पत्ताच हवा होता. जिल्हा आयोगात तुम्ही जिथं राहता तिथंच दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, ई-जागृतीवर घरबसल्या होतं. सगळं खरं. पण नोटीस बजावायची कुणावर? खोक्यावरचा पत्ता शोधला, तिथं झेरॉक्सचं दुकान आहे.

म्हणून पार्सल आलं की मोबाइल उभा ठेवून, लेबलपासून शेवटच्या केबलपर्यंत, न थांबवता चित्रीकरण करा. माझ्याकडे तेवढं असतं तर 'मिळाली की' म्हणायला जागा राहिली नसती. व्हिडिओ कॉलवर नग बघून काही सिद्ध होत नाही. त्याला त्याच कॉलवर केबल अडकवून ओढून दाखवायला सांगा, आणि तोच नग काट्यावर ठेवायला सांगा. हातात आला की पिंक नॉइज (धबधब्यासारखा खळखळाट) मोनोत, म्हणजे दोन्ही कानांत तोच, वाजवा: आवाज डोक्याच्या मधोमध ठिपक्यासारखा बसला पाहिजे. एका बाजूला सरकला किंवा पसरट, पोकळ झाला तर ड्रायव्हर जुळलेले नाहीत, किंवा एकाची पोलॅरिटी उलटी आहे, म्हणजे तारा उलट जोडल्यात. एकाच गाण्यावर जुना आणि नवा ताडून बघायचा असेल तर आधी दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. मलाही वाटला. आणि जाहिरातीत 'ब्ल्यूटूथवर लाइव्ह मॉनिटरिंग' दिसलं तर तिथंच थांबा. तारेवर, 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप आवाज साठवतो तो तुकडा) म्हणजे 2.7 मिलिसेकंदांचा उशीर, ब्ल्यूटूथचा उशीर त्याच्या कितीतरी पट. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो. सांगली-मिरजेत हेडफोन कानाला लावून देणारी दुकानं आहेत. पैसे जास्त जातील, बिल मिळेल. मी ते पैसे वाचवले होते.

काल रात्री जाहिरात परत दिसली. नाव नवं, नंबर नवा, फोटो तोच. किंमत 6,499. 7.1 काढून टाकलंय, नॉइज कॅन्सलिंग काढलंय. आता लिहिलंय: 'तीन केबल, आट्याचं अ‍ॅडॉप्टर.' वजन अजून लिहिलेलं नाही, ते मी त्याला कळवायचं विसरलो होतो.