जुना कॅसिओ, यामाहा की खेळण्यातला कीबोर्ड? सर्किट बेंडिंगसाठी काय उघडावं

सर्किट बेंडिंग करायचं ठरलंय, सोल्डरिंग आयर्नही घरात आलाय, पण उघडायचं काय हेच ठरत नाही, अशांसाठी हा आढावा. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळलाही कित्येक घरांच्या माळ्यावर एखादा छोटा कीबोर्ड पडून असतो. कुणाच्या मामाने दुबईहून आणलेला, क्लास सुटल्यावर पिशवीत गुंडाळून वर गेलेला. त्यातल्या कशाला हात घालायचा आणि काय जसंच्या तसं ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कीबोर्ड वाजतो कसा यावर ठरवू नका. आतल्या बोर्डवर काय दिसतं आणि तो मेला तर तुम्हाला किती लागेल, यावर ठरवा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. बॅटरीवर चालणारं वाद्य उघडायचं आणि बोर्डवरचे जे दोन बिंदू कंपनीने कधी जोडलेच नव्हते, ते वायरच्या तुकड्याने जोडून बघायचे. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधी वाद्य गप्प होतं. आणि कधी असा आवाज निघतो की तो कुठून आला ते सांगता येत नाही. मग त्या जागी स्विच बसवायचा. अमेरिकेत सिनसिनाटीला रीड गझाला या मुलाच्या टेबलाच्या लोखंडी खणात १९६६-६७च्या सुमारास एक उघडा छोटा अॅम्प्लिफायर धातूला टेकून शॉर्ट झाला आणि आपोआप ओरडायला लागला, तिथून याची सुरुवात झाली. हे नावही त्याच गझालांनी १९९२ मध्ये दिलं.

आता उमेदवार बघू.

पहिला, दुकानात आज मिळणारा खेळण्यातला कीबोर्ड. स्वस्त आहे, बिघडला तरी घरात कुणी विचारणार नाही, म्हणून नव्या माणसाला हाच सोयीचा वाटतो. पण स्क्रू काढलेत की निराशा होते. बोर्डच्या मध्यभागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो आणि अख्खं डोकं त्याच्याखाली गाडलेलं असतं. चिपला पायच नाहीत, मग जोडणार काय? एक गोष्ट मात्र यात छान जमते. अशा बऱ्याच बोर्डांवर चिपचा वेग एका रेझिस्टरवर ठरतो. तो काढून तिथे एक मेगाओहमचा पॉट, म्हणजे नॉब फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, बसवला की सगळा सूर रेल्वेच्या घोषणेपासून घोरण्यापर्यंत खाली ओढता येतो. पॉटबरोबर एक छोटा रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून, ठेवा, नाहीतर पॉट शून्यावर गेला की चिप अडकते. सोल्डरिंगचा हात बसवायला हे ठीक आहे, पण एका संध्याकाळी संपतं.

दुसरा, कॅसिओची एसए मालिका: एसए-१, एसए-२, एसए-२१ वगैरे. बत्तीस छोट्या पट्ट्या, शंभर आवाज, आपल्याकडे माळ्यावर सापडण्याची शक्यता यांचीच जास्त. माझं मत यांच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण अगदी साधं आहे: यांना त्रास द्यायला बोर्ड फारसा वाचताही यावा लागत नाही. बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरमध्ये एक पुश बटण बसवायचं, असं की एरवी जोडलेलं राहील आणि दाबल्यावर तुटेल. कीबोर्डची स्वतःची वाजणारी चाल, म्हणजे डेमो, चालू करायचा आणि बटण टिचकीसारखं दाबून सोडायचं. वीज जाते, पण बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो. त्यामुळे चिप धड बंदही होत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. वीज परत आली की ती मेमरीत उरलेल्या कचऱ्यावरूनच पुढे निघते. मग डेमोची चाल मध्येच अडखळते, बासरीच्या जागी ड्रम लागतो, एकच सूर मशीनगनसारखा सुटतो. बटण किती वेळ दाबलं आणि सेल किती ताजे आहेत, यावर दर वेळी वेगळं काहीतरी निघतं. कालचा आवाज आज परत मिळेल, अशी अपेक्षा धरू नका. ज्याला नेमकं तेच पुन्हा वाजवायचंय, त्याने या मालिकेच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा, यामाहाची पीएसएस मालिका, उदाहरणार्थ पीएसएस-१४०. पीएसएस-१४०मध्ये एका लहरीने दुसरी हलवून आवाज बनवणारी एफएम चिप आहे आणि तिला मोजता येतील असे पाय आहेत. प्रोसेसर या चिपला ‘असा टोन लाव’ हा निरोप डेटाच्या पायांवरून पाठवतो. टोन बदलताना नेमके त्यातले दोन पाय एकमेकांना टेकवले तर निरोप अर्धवट पोचतो आणि चिप कॅटलॉगमध्ये नसलेला आवाज लावून बसते. दुसरा टोन निवडेपर्यंत तो आवाज तसाच राहतो, त्यामुळे पट्ट्यांवर वाजवता येतो. खरं संगीत करायचं असेल तर एसएपेक्षा ही वाट जास्त पुढे नेते. पण पाय जवळजवळ आहेत, बारीक वायर आणि स्थिर हात लागतो, आणि कुठल्या पायांच्या जोडीने काय झालं ते वहीत लिहून ठेवावंच लागतं. पहिला कीबोर्ड म्हणून देणार नाही, दुसरा म्हणून नक्की.

चौथा, कॅसिओ एसके-१. १९८६चा हा छोटा सॅम्पलर बेंडिंगवाल्यांचा लाडका. त्यात माइक आहे. कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून ती बत्तीस पट्ट्यांवर वाजवता येते. आठ बिट, सुमारे ९.३८ किलोहर्ट्‌झ आणि जेमतेम १.४ सेकंद, म्हणून आवाज आधीच खरखरीत. त्यात मेमरीच्या पायांची अदलाबदल केली की शिट्टीचे तुकडे तुकडे होतात. मजा सगळ्यांत जास्त यातच आहे, हे मान्य. पण इथे मिळणं कठीण, आणि मिळाला तर न बेंड करताही तो इतकं काही देतो की पहिला प्रयोग यावर करणं मला पटत नाही. तीच गोष्ट कॅसिओच्याच १९८१च्या एमटी-४०ची. तिच्यातला ‘रॉक’ नावाचा ताल कॅसिओतल्या ओकुदा हिरोको यांनी केला आणि त्याच तालाने १९८५ मध्ये जमैकाच्या रेगेला डिजिटल वळण दिलं. असं काही माळ्यावर सापडलं तर पुसा, सेल घाला आणि वाजवा.

जुना घेताना बघायचं काय? चार पट्ट्या वाजत नसतील तर फिकीर नको, बेंडिंगला डेमो आणि ताल पुरतात. दोन्ही हात बोर्डवर असताना वाद्य आपोआप वाजत राहिलेलंच बरं. खरी परीक्षा सेलच्या कप्प्यात असते. आपल्या पावसाळ्यात विसरलेले सेल फुटतात आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड जमते. स्प्रिंगपुरती असेल तर घासून निघते. बोर्डच्या तांब्यापर्यंत पोचली असेल तर भाव कितीही पाडून मिळाला तरी सोडून द्या. बघायला जाताना स्वतःचे सेल न्या, ‘सेल नाहीत, पण चालू आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक नियम चारही कीबोर्डांना सारखाच लागू: उघडा बोर्ड फक्त सेलवर. पाच सेल म्हणजे साडेसात व्होल्ट, बोटाला काही होत नाही. उलट ओलसर बोट बोर्डवर टेकवून सूर वाकवणं हीच यातली गंमत आहे. अडॅप्टर लावून हे करायचं नाही, स्वस्तातल्या अडॅप्टरच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. बॅटरीची टोकं आणि स्पीकरच्या अॅम्प्लिफायरची चिप यांच्या आसपास शॉर्ट करू नका. काही गरम लागलं किंवा वास आला तर आधी सेल काढा, कारण नंतर शोधा.

पॉट, स्विच, क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरी एकदमच आणायच्या असतील तर लॅमिंग्टन रोड गाठा. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नच्या स्लो गाडीने ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. खरेदी थोडीच आहे: क्लिपच्या वायरी, चारपाच पुश बटणं, दोन पॉट, मल्टिमीटर नसेल तर तो.

घरात एसए आणि पीएसएस दोन्ही असतील तर एसए आधी उघडा. फक्त पीएसएस असेल तर पहिले काही दिवस सोल्डर न करता नुसत्या क्लिपच्या वायरीने शोधा आणि आवाज मिळेल ती जोडी मार्करने बोर्डवरच खुणवून ठेवा. घरात काहीच नसेल आणि विकतच घ्यायचा असेल, तर नव्या खेळण्यावर पैसे घालण्यापेक्षा ओळखीपाळखीत विचारा. पट्ट्या तुटलेला एसए बऱ्याचदा नुसता ‘घेऊन जा’ म्हणून मिळतो.