जुन्या ४०७ चा गंज: घरी घासायचा की डेंटरकडे न्यायचा?

नागपुरात कळमना बाजाराच्या फेऱ्या मारणाऱ्या जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या दाराची खालची कड आणि हौद्याचा उघडता फाळका तांबूस दिसू लागला, की आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर दाबून बघा. पत्रा टणक लागला तर गंज वरवरचा. टोक आत शिरलं तर घरचे उपाय विसरा. तिथे पत्रा कापून वेल्डिंगनं ठिगळच मारावं लागतं. चेसिसला तर हातच लावू नका.

वरवरच्या गंजासाठी मी घरच्या कामाच्या बाजूचा. ८० नंबरच्या पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासा, मग १८०, आणि भोवतीचा जुना रंग ३२० नं उतरता करा. नखाला पायरी अडखळली तर ती रंगाखालूनही दिसणार. थिनरनं पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. रेड ऑक्साइडचं प्रायमर स्वस्त पडतं, पण ते फाळक्याच्या आतल्या बाजूपुरतं ठीक. पुट्टी गंजावर कधीच भरू नका, ती पाणी पिते आणि पावसाळ्यात फुगते.

रस्ट कन्व्हर्टरमधलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड गंजाचा काळा, घट्ट थर करतं. सुटा गंज आधी खरवडावाच लागतो, त्यामुळे मेहनत वाचते म्हणणाऱ्यांवर फार विसंबू नका. बिजागरीमागे, दुमडीत, जिथे पेपर पोचत नाही तिथेच ते कामाचं.

पूर्ण दार रंगवायचं असेल तर मात्र वाडीकडचा डेंटर-पेंटर बरा. रंग जुळवणं त्यालाच जमतं, आणि हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. तोंडाला दुपट्टा बांधून ते फवारायचं नसतं. ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, त्याची तारीख तोंडावर असेल तरी डेंटरकडेच जा. फक्त पुट्टी चढण्याआधी घासलेला पत्रा डोळ्यांनी बघून या, कारण घाईचं काम तिथेच लपतं.

घरी करणार असाल तर दिवाळीनंतरचे दिवस धरा, ऊन जरा वर आल्यावर. आपल्याकडे मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत सुकतो, पुट्टी तर पाटीवरच दगड होते. जुलैच्या दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

आणि दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करा. ती धुळीनं बुजली असतील तर घरचं काम असो की डेंटरचं, गंज आतून परत येणार.